खालचे पुढचे दोन

घराची पुढची खोली बाबांची होती. रस्त्याकडच्या खिडकीखाली लांबलचक टेबल, टेबलावर दोन वाकवता येणारे दिवे, पॉलिशचं चाक, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. बाबा कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवत, बाबा त्यात प्लास्टर ओतून जबडा काढत, त्यावर मेण लावत आणि मेणात एकेक दात रोवत जात. दात टेबलाच्या कप्प्यांत असत. लहान, मोठे, पांढरेशुभ्र, पिवळसर, एका पट्टीवर सहा-सहा चिकटवलेले. ते इतके हुबेहूब असत, की नवीन माणूस कप्पा उघडून दचकायचाच.

बाबांच्या सहा वर्षांच्या मुलीला घरात सगळे मुंगी म्हणत, कारण ती पावलांचा आवाज न करता भिंतीच्या कडेकडेने चालायची. स्वभाव भित्रा. फुगा फुगवायला कुणी घेतला की ही खोलीबाहेर. शाळेची घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधी कानांवर हात. पण जबड्यांची मात्र तिला कधी भीती वाटली नाही. जन्मापासून ती त्यांच्यातच वावरत होती. पावाच्या भट्टीवाल्याच्या पोराला पावांचं काय वाटावं, तसंच तिचं. आणि म्हणूनच हे दात येतात कुठून, हा प्रश्न सहा वर्षांत तिला एकदाही पडला नव्हता.

तो पडायला सोमवार उजाडावा लागला. सकाळी सफरचंदाचा तुकडा तोडताना तिच्या तोंडात काहीतरी हललं. तिला वाटलं, सफरचंदाची बी असेल. जिभेने चाचपून पाहिलं तर खालचा, पुढचा, डावीकडचा दात. जीभ लावली की मागे जात होता, सोडली की पुढे येत होता. वर्गातल्या दोघा-तिघांचे दात पडलेले तिने पाहिले होते, लहान मुलांचे दात पडतात हेही तिच्या कानावर होतं. पण ऐकलेल्या गोष्टी आपल्यालाही लागू होतात, असं तिला कधी वाटत नसे. आपण काहीतरी मोडलं, एवढंच तिला कळलं.

दिवसभर ती गप्प राहिली आणि संध्याकाळी आत्याकडे गेली. आत्या मागच्या खोलीत कपडे शिवायची. बोलायची भरपूर, पण कापड बेतताना तिच्या ओठांत टाचण्या असत, त्यामुळे निम्मे शब्द टाचण्यांमध्येच अडकायचे. मुंगीने दात दाखवला. आत्याने मान वर करून एक डोळा बारीक करून पाहिलं आणि टाचण्यांआडून म्हणाली, "पडू दे की. तुझ्या बाबांच्याच कामाला येईल."

आत्या मस्करी करत होती. पण टाचण्या तोंडात असलेल्या माणसाला हसता येत नाही, आणि हसू न दिसलेली मस्करी मुंगीला मस्करी वाटत नसे. ती तशीच पुढच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बाबा दिव्याखाली वाकून एक छोटासा दात चिमट्यात धरून मेणात बसवत होते. टेबलाचा कप्पा उघडा होता. मुंगीने त्या कप्प्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की हे एवढे सगळे कुणाचे?

मंगळवारी जे झालं, त्याने तर तिचं धाबंच दणाणलं. ती शाळेतून आली तेव्हा बाबा फोनवर बोलत होते.

"हो हो, खालचे पुढचे दोन," बाबा म्हणत होते. "अगदी छोटे हवेत, कळलं मला. आत्ता नाहीत माझ्याकडे, पण गुरुवारपर्यंत हातात येतात. तुम्ही निर्धास्त राहा."

मुंगीची जीभ आपोआप त्या दोन दातांमागे गेली. खालचे, पुढचे, छोटे. एक हलत होता, दुसरा अजून घट्ट होता. गुरुवारपर्यंत. म्हणजे मधे फक्त बुधवार.

त्या दिवशी जेवताना ती मान वर करेना. बाबांच्या ते लक्षात आलं. पोरगी सकाळपासून हिरमुसली आहे, तिला जरा हसवावं, म्हणून ते तिच्याकडे झुकले आणि म्हणाले, "काय गं मुंगे, आज अगदी शांत? जरा दात काढ बघू."

एरवी हेच वाक्य ऐकून ती खुदकन हसायची. बाबांची ती जुनी सवय होती. आत्या तर उठता-बसता म्हणायची, काय गं सारखे दात काढतेस. दात काढणं म्हणजे हसणं, हे मुंगीला चांगलं माहीत होतं. पण माहीत असलेल्या गोष्टी त्या आठवड्यात जागेवर राहिल्या नव्हत्या. तिने ओठ घट्ट मिटले, हात ओठांवर ठेवला आणि ताटावरून उठून गेली.

बुधवारी मुंगीच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते निघेना. शाळेत हजेरीला तिने नुसता हात वर केला. बाईंनी कविता म्हणायला उभं केलं तर ती उभी राहिली आणि कविता संपायला लागेल तेवढा वेळ उभी राहून खाली बसली. बाईंनी घरी चिठ्ठी पाठवली. आई बसस्थानकावर तिकीट खिडकीत काम करायची. दिवसभर काचेआडून लोकांचे प्रश्न ऐकून तिचं डोकं भणभणलेलं असायचं, आणि त्यात घरी आल्या आल्या ही चिठ्ठी. तिने मुंगीला मांडीवर घेतलं, घसा दुखतोय का विचारलं. मुंगीने नकारार्थी मान हलवली. शाळेत कुणी काही बोललं का? नाही. मग तोंड उघड बरं. मुंगी उठून पलंगाखाली गेली.

प्रत्येकाने आपापला अंदाज बांधला. आईच्या मते घसाच, फक्त औषध घ्यावं लागेल म्हणून कबूल करत नाही. आत्याचं म्हणणं पडलं, की शाळेतलंच काहीतरी आहे, कुणीतरी हिच्यावर दात धरून असणार. दात हलत असल्याचं आत्याच्या ध्यानातूनही गेलं होतं. त्या दिवशी तिच्यासमोर तीन परकर आणि एक कोट पडला होता. बाबा म्हणाले, राहू दे, बोलेल आपली आपण. पलंगाखाली मुंगीने 'दात धरून' एवढंच ऐकलं आणि ती आणखी आत सरकली.

गुरुवारी आईने तिला घरीच ठेवलं. घसा तो घसा.

दहाच्या सुमाराला दारावर टकटक झाली आणि एक अवाढव्य माणूस आत आला. खांदे दाराएवढे, मिशा कानांपर्यंत, हातात काळी पेटी. तोंडावर मात्र त्याने रुमाल धरला होता. बाबांनी त्याला खुर्चीत बसवलं, रुमाल बाजूला केला आणि वेगवेगळ्या रंगांच्या नमुन्यांचे दात लावलेली पट्टी त्याच्या ओठांजवळ धरून रंग जुळवून पाहिला. मुंगी कपाटाशेजारच्या स्टुलावर होती. तिथून तिला स्पष्ट दिसलं. त्या माणसाचे खालचे पुढचे दोन दात नव्हते. आणि बाकीचे जे होते, ते एवढ्या मोठ्या माणसाच्या मानाने अगदीच इवलेसे होते, जणू दुसऱ्याच कुणासाठी बनवलेले चुकून त्याला मिळाले असावेत.

तेवढ्यात खालून पार्सलवाल्याची हाक आली. बाबा म्हणाले, बसा, आलोच, आणि जिना उतरून गेले. मागच्या खोलीत आत्याच्या मशीनचा आवाज चालू होता. पुढच्या खोलीत राहिले दोघंच. एक तोंडावर रुमाल धरून, दुसरी तोंडावर हात ठेवून. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते, आणि तरी बघत होते.

थोड्या वेळाने त्या माणसाने पेटी उघडली. आत ट्रंपेट होतं, पिवळंधमक. त्याने रुमालाने ते पुसलं, खिडकीकडे वळला, ओठांना लावलं आणि फुंकर मारली. सूर आलाच नाही. सायकलच्या चाकातून हवा जावी तसा नुसता फुसफुस आवाज आला. त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. मग त्याने ट्रंपेट मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे नुसता पाहत बसला. त्याचे डोळे भरून आले होते. मोठ्या माणसांचे डोळे असे सकाळी सकाळी भरून येतात, हे मुंगीने कधी पाहिलं नव्हतं.

तिने हात काढला. जवळजवळ दोन दिवसांनी तिच्या तोंडून शब्द फुटला.

"तुमचे पडले की काढले?"

ट्रंपेटवाला दचकला. "पडले," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात मधेच शिट्टी वाजत होती. "बागेतल्या चौथऱ्याच्या पायऱ्या उतरत होतो. मी पडलो आणि माझ्याबरोबर ते."

"मग आता दुसऱ्या कुणाचे घालणार?"

"तुझे बाबा देणार आहेत ना. म्हणाले, येतायत आज."

म्हणजे ठरलेलंच होतं. "आणि ज्याचे आहेत, त्याला कळलं तर?"

ट्रंपेटवाल्याला या प्रश्नाचा काही उलगडा झाला नाही. पण लहान पोरीने गंभीरपणे काही विचारलं की गंभीरपणे उत्तर द्यावं, अशा वळणाचा तो माणूस होता. त्याने विचार केला आणि म्हणाला, "कळलं तर त्याला सांग, की मी नीट सांभाळीन म्हणून. रोज घासीन."

जिन्यावर बाबांची पावलं वाजली, आणि मुंगी उठून न्हाणीघरात गेली.

तिथे ती आरशासमोर बादली उलटी करून तिच्यावर उभी राहिली. आता तिला भीती वाटत होती की नाही, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. कालपर्यंत दात घेणारा माणूस कसा असेल, याचे तिने नाही नाही ते अंदाज केले होते. त्यातला एकही रडणारा नव्हता. तिने बोटाने दात मागे ढकलला, पुढे ओढला, थोडा पिरगळला. आणि तो आला. दुखलंच नाही. दुखेल म्हणून तिने डोळे गच्च मिटले होते, ते उघडले तर दात बोटांत होता आणि आरशातल्या मुलीच्या हनुवटीवर रक्ताचा एक थेंब. दात तांदळाच्या दाण्याहून जेमतेम मोठा. एवढ्याशासाठी आपण दोन दिवस तोंड मिटून बसलो, याचं तिला नवल वाटलं. मग तिने शेजारचाही हलवून पाहिला, कारण दोन हवे होते. तो ढिम्म हलेना.

तिने दात नळाखाली धुतला. ट्रंपेटवाला गेला होता, बाबा प्लास्टर कालवत होते. टेबलाच्या कडेला त्या माणसाच्या कामाचा पुठ्ठ्याचा डबा होता, त्यात त्याचा जबडा आणि डॉक्टरांची चिठ्ठी. मुंगीने हळूच झाकण उचललं, दात आत ठेवला आणि झाकण लावलं. कुणालाच काही समजलं नाही. चालताना तिचा आवाज होत नसेच.

शुक्रवारी सकाळी बाबांनी डबा उघडला. पार्सलमधून आलेली सहा दातांची पट्टी त्यांनी आदल्या दिवशी त्यातच टाकली होती. आता पट्टीवर सहा आणि खाली सुटा एक. त्यांनी तो चिमट्यात धरला, भिंग लावलं, आणि भिंग काढून पुन्हा लावलं. बाबांच्या हातून हजारो दात गेले होते, पण खरा दात त्यांच्या टेबलावर कधी आला नव्हता. त्यांनी पहिल्यांदा दात पाठवणाऱ्या दुकानदाराला फोन लावला आणि हे काय पाठवलंय म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाला, आम्ही खरे दात विकत नाही, तुम्ही चहा घेऊन मग बोला. बाबांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, हा माझ्याकडून आलेला असणं शक्य नाही.

मग त्यांनी आईला बोलावलं. आई कामावर जायच्या गडबडीत, एका पायात चप्पल घालून आली. आत्या टाचण्यांसकट आली. तिघं त्या दाण्याएवढ्या वस्तूभोवती वाकून उभे राहिले. आत्याचं मत, त्या ट्रंपेटवाल्याचाच असेल, ठशाला चिकटून आला असेल. आई म्हणाली, एवढासा दात त्या पहाडाचा कसा असेल? बाबा म्हणाले, हा दुधाचा दात आहे. मग कुठल्या मुलाचा? आणि या डब्यात आला कसा? तिघांचीही मती गुंग झाली.

मुंगी दारात उभी होती. बाबांची नजर तिच्यावर गेली, डब्यावर गेली, परत तिच्यावर आली.

"मुंगे," ते हळूच म्हणाले, "दात काढ बघू."

मुंगीने तोंड उघडलं. खालच्या ओळीत एक खिडकी होती.

आईने कपाळावर हात मारला. आत्याने टाचण्या तोंडातून काढून हातात घेतल्या, आणि सोमवारची आठवण तिला आत्ता झाली. ती ओशाळून म्हणाली, अगं, मी गंमत केली होती. बाबांना मात्र अजून पुरतं समजलं नव्हतं. त्यांनी मुंगीला उचलून टेबलाच्या मोकळ्या कोपऱ्यावर बसवलं आणि विचारलं, की डब्यात का ठेवलास?

"तुम्हीच फोनवर म्हणालात," मुंगी म्हणाली. "खालचे पुढचे दोन. छोटे. दुसरा अजून हलत नाहीये."

तीन दिवस आपली मुलगी आपल्याला काय समजत होती, हे आत्ता कुठे बाबांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी कप्पा उघडला. एकेक पट्टी काढून तिच्या मांडीवर ठेवली. हे दात कारखान्यात होतात, त्यांनी सांगितलं, भुकटीपासून, साच्यात दाबून, कपबश्या बनवतात तसे. ते काही कुणाच्या तोंडातून येत नाहीत. तिच्या बोटाने त्यांनी एका दाताची मागची बाजू चाचपायला लावली, आत खळगा होता, मेण धरायला. तिच्या दाताला तसा खळगा नव्हता. मुंगीने दोन्ही दात शेजारी ठेवून पाहिले. पटलं तिला.

"मग माझा नको?"

बाबा खोटं बोलत नसत. "नाही गं," ते म्हणाले. "त्यांना तो बसणारच नाही. फार छोटा आहे."

आणि मुंगी रडायला लागली. साधंसुधं नाही, हुंदके देऊन. आईने तिला पोटाशी धरलं. बाबा गोंधळून गेले. दात घेणार म्हणून घाबरलेली मुलगी, दात घेणार नाही म्हटल्यावर सुटकेने हसायला हवी होती. आत्या म्हणाली, दुखत असेल. आई म्हणाली, घाबरली आहे अजून. मुंगीला विचारलं, का रडतेस, तर तिने खांदे उडवले आणि आणखी रडली. तिला खरंच ठाऊक नव्हतं. आईची बस चुकली.

शनिवारी ट्रंपेटवाला आला. बाबांनी दोन दातांची गुलाबी पट्टी त्याच्या तोंडात बसवली, काढली, कड घासली, परत बसवली. त्याने ट्रंपेट उचललं. पहिला सूर बेडकासारखा निघाला, दुसरा त्याहून बरा, तिसरा मात्र खिडकीतून थेट रस्त्यावर गेला आणि समोरच्या न्हाव्याने वस्तरा हातात घेऊन बाहेर डोकावून पाहिलं. ट्रंपेटवाला हसला. हसताना त्याला कपाटाशेजारी मुंगी दिसली, आणि तिच्या तोंडातली खिडकीही.

"तुझा पण?" त्याने विचारलं. आता शिट्टी नव्हती.

"मी तुम्हाला दिला होता," मुंगी म्हणाली. "बाबा म्हणाले, बसत नाही."

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबांनी थोडक्यात काय झालं ते सांगितलं. ट्रंपेटवाला हसला नाही. त्याने पेटी बंद केली, परत उघडली, परत बंद केली.

"मग मी आता सांभाळायचे ते कुणाचे?" त्याने विचारलं.

मुंगीने यावर खूप विचार केला. कारखान्याचे म्हणावं, तर कारखाना तिने पाहिला नव्हता. बाबांचे म्हणावं, तर बाबांचे त्यांच्या तोंडात होते.

"सांगते नंतर," ती म्हणाली.

त्याने ते मान्य केलं आणि रविवारी संध्याकाळी बागेत त्याचा बँड वाजणार आहे, सगळ्यांनी यायचं, असं बजावून गेला.

रविवारी बाबा तिला घेऊन गेले. आईला सुट्टी नव्हती, आत्याचा कोट अजून तसाच होता. बागेतल्या चौथऱ्यावर निळे कोट घातलेले चौदा जण बसले होते. ट्रंपेटवाला दुसऱ्या रांगेत होता. त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रंपेटवालेच, तसेच गाल फुगवलेले. सगळ्यांनी एकदम वाजवायला सुरुवात केली, आणि मुंगीने सवयीने कानांकडे नेलेले हात अर्ध्यावरच थांबवले, कारण तिला एक गोष्ट ऐकायची होती.

तिने डोळे मिटून ऐकलं, उघडून ऐकलं. मग बाबांची बाही ओढली.

"यातला त्यांचा आवाज कुठला?"

बाबा पुढे वाकले. हाताचा पंजा कानामागे धरून त्यांनी बराच वेळ ऐकलं. मधेच त्यांना वाटलं सापडला, त्यांनी बोट वर केलं, आणि परत खाली घेतलं.

"कळत नाही गं," ते म्हणाले.

मग दोघंही तसेच, मान वाकडी करून, ऐकत बसले.